‘खटकलं’ नावाचं बटण

"ताई, कोणीच दाबत नाहीये," मी शैलजाताईंच्या कानाशी कुजबुजलो.

"बघू. अजून वेळ आहे," त्या म्हणाल्या.

तासगावच्या एका शाळेच्या ग्रंथालयात नववीची बावीस मुलंमुली सतरंज्यांवर बसली होती. प्रत्येकाच्या हातात आम्ही पुण्याहून आणलेला एकेक टॅब. मी मागे पुस्तकांच्या कपाटाला टेकून, लॅपटॉप मांडीवर घेऊन बसलो होतो. कोण गोष्टीत कुठवर पोचलंय, कोणी कुठलं उत्तर निवडलंय, सगळं मला दिसत होतं. बावीस नावं, बावीस ओळी, आणि ज्या एका रकान्याकडे मी डोळे लावून बसलो होतो त्यात बावीस शून्यं.

ही नऊ वर्षांपूर्वीची गोष्ट. मी तेव्हा एकतीस वर्षांचा होतो. पुण्यात एरंडवण्यात आमचं चार जणांचं छोटं ऑफिस होतं आणि आम्ही मोबाइलवरचे शैक्षणिक खेळ बनवायचो. किशोरवयीन मुलांमध्ये काम करणाऱ्या एका संस्थेने आम्हाला एक खेळ करायला दिला होता. प्रेमात, मैत्रीत कसं वागणं चांगलं आणि कसं त्रासाचं, हे मुलांना भाषण न देता कळावं अशी त्यांची इच्छा. संस्थेकडून या कामावर शैलजाताई ओक होत्या. पंचावन्नच्या आसपास वय, समुपदेशनात अर्धं आयुष्य गेलेलं, बोलणं कमी.

खेळ साधा होता. जुई नावाची सोळा वर्षांची मुलगी. तिला आर्यन आवडतो. तिच्या फोनवर त्याचे मेसेज येत राहतात. खेळणाऱ्याने जुई व्हायचं आणि प्रत्येक मेसेजला तीनपैकी एक उत्तर निवडायचं. पडद्याच्या तळाशी एक लाल बटण होतं, त्यावर एकच शब्द: ‘खटकलं’. आर्यनचं काही बोलणं बोचलं की ते दाबायचं. दाबलं की गोष्ट तिथेच थांबायची, जुईची मैत्रीण यायची आणि दोघी त्यावर बोलायच्या. सगळा खेळ त्या बटणावर उभा होता.

आर्यनचे मेसेज मीच लिहिले होते. एरवी संवाद लिहायला मला दिवसच्या दिवस लागतात. हे मात्र एका बैठकीत उतरले. ‘कुठे आहेस?’ ‘कोणाबरोबर?’ ‘एवढा वेळ का लागला उत्तर द्यायला?’ ‘फोटो टाक ना, म्हणजे मला बरं वाटेल.’ ते वाचून शैलजाताई म्हणाल्या होत्या, "फार खरे आहेत रे. कुठून आणलेस?" "सुचले," मी म्हणालो होतो, आणि तो अख्खा दिवस खुशीत काढला होता.

पुण्यातल्या दोन शाळांत खेळ दाखवून झाला होता. तिथेही बटण कोणी दाबलं नाही. मला वाटलं, बटण लहान पडतंय. मी ते मोठं केलं. रंग गडद केला. दर दहा सेकंदांनी ते हलकेच धडधडेल अशी सोय केली. बारा दिवसांनी खेळ संस्थेच्या ताब्यात द्यायचा होता आणि तासगावची ही शेवटची चाचणी होती.

मधल्या वेळात मी फोन काढून केतकीला मेसेज टाकला: ‘लॅबला पोचलीस?’ केतकी माझी धाकटी बहीण. माझ्याकडेच राहून भूशास्त्रात एम.एस्सी. करत होती, शेवटचं वर्ष होतं. तिचं उत्तर लगेच आलं: ‘हो.’ मी फोन खिशात ठेवला.

गोष्टीच्या अखेरीस आर्यन जुईचा फोन हिसकावून भिंतीवर आपटतो. तिथे आल्यावर मात्र माझ्या पडद्यावरचे शून्याचे आकडे भराभर बदलले. एकवीस जणांनी बटण दाबलं. पण तोवर गोष्ट संपत आलेली. इतक्या उशिरा दाबून उपयोग काय?

मग आम्ही सगळ्यांना गोल बसवलं. वर्गशिक्षिका लोंढेबाईंना शैलजाताईंनी आधीच विनंती करून बाहेर थांबवलं होतं, मुलांनी मोकळं बोलावं म्हणून.

"खालचं लाल बटण दिसलं का सगळ्यांना?" मी विचारलं.

"दिसलं की!"

"लईच मोठंय ते, सर," मागून एक मुलगा म्हणाला आणि सगळे हसले.

"मग सुरुवातीला कोणी दाबलं का नाही?"

पुढच्याच रांगेत एक मुलगी बसली होती. दोन वेण्या, कबड्डीत सोलवटलेला गुडघा. टॅबच्या वरच्या पट्टीत नाव होतं, तेजल माने. ती म्हणाली, "खटकलंच न्हाई काय, म्हणून न्हाई दाबलं."

"तो तिला दर तासाला विचारतोय, कुठे आहेस. ते खटकलं नाही?"

"आमचा दादा बी विचारतो की."

"फोटो टाक म्हणतो?"

"व्हय. क्लासला पोचले की क्लासच्या पाटीचा फोटो टाकायचा. न्हाई टाकला की फोन येतो."

"मी बी मागतो आमच्या ताईकडनं फोटो," मघाचाच मुलगा अभिमानाने म्हणाला.

एकदम सगळे बोलायला लागले. कोणाचे काका विचारायचे, कोणाचे वडील, एकीची तर आत्या सोलापुरातून विचारायची. शैलजाताईंनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं आणि विचारलं, "किती जणांच्या घरी असं विचारतात? हात वर करा बघू." सगळ्या मुलींचे हात वर गेले. मुलग्यांतले दोन.

आपली चर्चा भलतीकडे चालली असं मला वाटलं. मी घाईघाईने म्हणालो, "थांबा, थांबा. दादाची गोष्ट वेगळी आहे. दादा काळजीपोटी विचारतो."

तेजलने टॅब पुन्हा हातात घेतला. बोटाने गोष्ट मागे सरकवत नेली, एका जागी थांबली आणि वर्गात धडा वाचावा तशी वाचायला लागली. "‘चिडू नकोस ना. काळजी वाटते म्हणून विचारतो.’ हे आर्यनचंच हाय, सर. तुम्हीच लिवलंय न्हवं?"

कोणी हसलं नाही. ती उद्धटपणे बोलत नव्हती, तिला खरंच काहीतरी समजून घ्यायचं होतं. "मग दादाचं कुठलं आन् आर्यनचं कुठलं, हे वळखायचं कसं?"

"चांगला प्रश्न आहे," मी म्हणालो. शैलजाताई सांभाळून घेत म्हणाल्या, "तेजल, हा प्रश्न आम्ही पुण्याला घेऊन जातो. उत्तर सापडलं की परत येऊ. चालेल?"

"चालंल की," ती म्हणाली.

दुपारी एकच्या सुमारास आम्ही निघालो. गाडीत मी बराच वेळ चिडचिड करत होतो. "ताई, घरच्यांचा विषय आपल्याला दिलेलाच नाही. आईबाप, भाऊ यांच्याबद्दल काही बोललो तर शाळा आपल्याला दारात उभं करणार नाहीत."

"खरं आहे."

"आणि काळजी करणं हा काय गुन्हा आहे?"

"नाही."

"मग त्या मुलीला उत्तर काय देणार आहात तुम्ही?"

ताई खिडकीबाहेर बघत होत्या. "मी आपली एकच गोष्ट बघते. ऐकणारीला ‘नाही’ म्हणता येतं का, आणि म्हटलं तर पुढे काय होतं. विचारणारा कोण आहे हे मी नंतर बघते." मग त्या माझ्याकडे वळल्या. "तुषार, ते मेसेज तू एका बैठकीत लिहिलेस, नाही का?"

"हो."

"हं," त्या म्हणाल्या आणि डोळे मिटून बसल्या. बस, एवढंच. पुण्यापर्यंत त्यांनी पुन्हा तो विषय काढला नाही.

कराड ओलांडल्यावर चहाला थांबलो. ताई हातपाय धुवायला गेल्या. मी सवयीने फोन काढला. केतकीचा फोन कुठे आहे ते माझ्या फोनवर नकाशात दिसायचं. ती पुण्यात राहायला आली त्याच आठवड्यात मी तशी सोय करून घेतली होती. निळा ठिपका लॅबमध्येच होता. मी मेसेज लिहायला लागलो, ‘जेवलीस का? निघताना कळव,’ आणि माझं बोट थांबलं.

मी आमचं बोलणं वर सरकवत गेलो. कालचं, परवाचं, दिवाळीतलं, त्याच्या आधीच्या वर्षीचं.

‘कुठे आहेस?’ ‘कोण कोण आहे बरोबर?’ ‘फोटो टाक.’ ‘एवढा वेळ का लागला?’ ‘आठला घरी हवीस.’ ‘रागावू नकोस, काळजी वाटते म्हणून विचारतो.’

जुईच्या फोनवर मी जे जे टाकलं होतं ते सगळं तिथे होतं. काही ठिकाणी तर शब्दही तेच. मला ते सुचले नव्हते. मी ते रोज लिहीत होतो.

आणि केतकीची उत्तरं? ‘हो.’ ‘पोचले.’ ‘बरं.’ ‘सॉरी.’ ‘निघतेय.’ दोन वर्षांत एकदाही तिने मला आपणहून काही सांगितलं नव्हतं. कॉलेजातला एखादा गमतीचा किस्सा नाही, कुठल्या दगडाचा फोटो नाही. लहान असताना ही मुलगी शाळेतून आली की दप्तर खांद्यावरच ठेवून अर्धा तास बोलायची. आई म्हणायची, आधी पाणी तरी पी गं.

चहा गार झाला. ताई आल्या, माझ्याकडे बघून दुसरा चहा सांगितला.

इथे आमच्या घरचं थोडं सांगायला हवं. आम्ही देवरुखचे. आई तिथे शाळेत शिक्षिका. तासगावच्या त्या चाचणीच्या आठ वर्षं आधी बाबा स्कूटरवरून रत्नागिरीला गेले ते संध्याकाळपर्यंत परतले नाहीत. मी तेव्हा तेवीस वर्षांचा, केतकी पंधरा. मी त्यांना फोन करत राहिलो. रिंग वाजायची, कोणी उचलायचं नाही. सहा तासांनी कळलं की वळणावर गाडी घसरून ते खाली झाडीत पडले होते, जागीच गेले होते, आणि फोन तिथेच गवतात वाजत होता. त्यानंतर आमच्या घरातलं कोणी बाहेर गेलं आणि कुठे आहे ते मला ठाऊक नसलं, की माझ्या कानात तीच रिंग वाजायची. ‘कुठे आहेस’ लिहिलं आणि उत्तर आलं की ती तासभर थांबायची. मग पुन्हा.

घरी पोचलो तेव्हा साडेसहा झाले होते. केतकी स्वयंपाकघरातल्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून जुन्या टूथब्रशने दगड घासत बसली होती.

"आलास? कशी झाली चाचणी?"

"नाही जमली. तू जरा खेळून बघशील?"

खरं सांगायचं तर तिने बटण दाबू नये अशी माझी इच्छा होती. तिलाही काही खटकलं नाही, तर ती तासगावची सगळी चर्चा मला विसरता आली असती.

तिने हात पुसले आणि टॅब समोर घेतला. पहिला मेसेज होता, ‘गुड मॉर्निंग, उठलीस?’ तिने हसून उत्तर दिलं. दुसरा होता, ‘कुठे आहेस?’ तिने बटण दाबलं. जुईची मैत्रीण आली, बोलली, गेली. तिसरा, ‘कोणाबरोबर?’ तिने दाबलं. चौथा. पाचवा. ती आता मेसेज पूर्ण वाचतही नव्हती. आठव्या मेसेजला तिने टॅब पालथा ठेवला आणि ब्रश हातात घेतला.

"तीन शाळांत मिळून सत्तरेक मुलांनी हा खेळ खेळलाय," मी म्हणालो. "इथे कोणीच दाबलं नव्हतं. तू कसं ओळखलंस?"

तिने ब्रश खाली ठेवला. "दादा, खरंच विचारतोयस?"

"हो."

"मला वाटलं तू मुद्दाम लिहिलंयस. मला वाटलं, तुला कळलंय आणि तुला बोलता येत नाहीये, म्हणून हे दाखवतोयस."

मी खुर्ची ओढून बसलो. "आज कळलं," मी म्हणालो. "कराडच्या पुढे."

तिने हातातला दगड कागदावर ठेवला, पुन्हा उचलला. मग म्हणाली, "मग तुला एक सांगते. डेहराडूनच्या एका संस्थेत माझी निवड झाली होती. हिमनद्यांवर काम. दोन वर्षं, जूनपासून. सरांनीच अर्ज करायला लावला होता."

"झाली होती म्हणजे?"

"मी नाही म्हणून कळवलं. गेल्या मंगळवारी."

"मला विचारलं का नाहीस?"

"विचारलं असतं तर काय म्हणाला असतास?"

"नाही म्हणालो नसतो."

"नसतासच," ती म्हणाली. "तू कधीच नाही म्हणत नाहीस, दादा. तू म्हणाला असतास, जा, पण आधी मी येऊन जागा बघतो. जा, पण दिवसातून दोनदा फोन. जा, पण आईला काय वाटेल बघ. मग मी तिकडे डोंगरात, फोनला रेंज नाही, आणि इकडे तू वेडापिसा. मी कामाकडे बघितलं असतं की तुझ्याकडे? मला आधीच दमल्यासारखं झालं. म्हणून नाही कळवून टाकलं."

"केतू, तुला माहितेय मी असं का करतो. बाबांच्या वेळी..."

"माझेही बाबा होते ते," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. "तू फोन करत होतास तेव्हा मी तुझ्या शेजारीच उभी होते. मलाही ती रिंग ऐकू येत होती. तू मला त्यानंतर एकदाही विचारलं नाहीस की तुला भीती वाटते का. तू फक्त कुठे आहेस एवढंच विचारलंस."

आठ वर्षांत हे माझ्या मनात आलं नव्हतं. त्या दिवसाची भीती मी एकट्याची धरून चाललो होतो. मी रडायला लागलो. मोठ्या भावाला रडताना बघून ती गडबडली असेल, पण तिने मला थांबवलं नाही. ओंजळभर धूळ पडलेलं ते वर्तमानपत्र नीट घडी करून ती उठली आणि माझ्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवला.

"मी बोलतो त्यांच्याशी," मी नाक पुसत म्हणालो. "डेहराडूनला. उद्याच फोन करतो. सांगतो की गैरसमज..."

"बघ, परत तेच," ती म्हणाली.

खिशातून काढलेला फोन मी टेबलावर पालथा ठेवला.

"मी बघते काय करायचं ते. मला विचार करू दे."

"बरं," मी म्हणालो.

त्यानंतरचे तीन दिवस माझ्यासाठी अवघड होते. मी नकाशातला तिचा ठिपका काढून टाकला. दिवसातून दहा वेळा फोन हातात घ्यायचो, लिहायचो, पुसायचो. दुसऱ्या दिवशी ती साडेआठपर्यंत आली नाही. मी गॅलरीत उभा होतो, आत येऊन बसलो, पुन्हा गॅलरीत गेलो. ती आली, चपला काढल्या, माझा चेहरा बघितला आणि म्हणाली, "मैत्रिणीकडे होते. तिचं सर्वेक्षणाचं सामान बघायला." मी फक्त मान हलवली. भूक लागलीये का एवढंच विचारलं.

चौथ्या दिवशी तिने स्वतः डेहराडूनला पत्र लिहिलं. तिकडून सभ्य उत्तर आलं: जागा दुसऱ्या उमेदवाराला दिली आहे, पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करावा. तिने ते मला वाचून दाखवलं. तिचं एक वर्ष माझ्यामुळे गेलं. ते मी तिला परत देऊ शकत नव्हतो. तसं मी तिला म्हणालो आणि माफी मागितली. "हो, गेलं," ती म्हणाली. उगीच माझं मन राखायला ‘असू दे’ वगैरे म्हणाली नाही, याचं मला आजही बरं वाटतं.

ऑफिसात मी खेळ उघडला आणि आर्यनचं नाव पुसलं. आता सुरुवातीला खेळणाऱ्यालाच विचारायचं, जुईला मेसेज कोण पाठवतंय? प्रियकर, मैत्रीण, दादा, की आणखी कोणी? मेसेज तेच. आणि शेवटी एक नवीन भाग, ज्यात खेळणारा जुई नसतो. तो मेसेज पाठवणारा असतो. जुई उत्तर देत नाहीये, भीती वाटतेय, आता काय करशील? हा भाग मी पुन्हा एका बैठकीत लिहिला. या वेळी कुठून आणला ते मला माहीत होतं.

संस्थेच्या बैठकीत अपेक्षेप्रमाणे विरोध झाला. एक विश्वस्त म्हणाले, "भावाला तुम्ही खलनायक करताय. पालक आमच्या अंगावर येतील."

शैलजाताई काही बोलायच्या आत मीच म्हणालो, "खलनायक नाही केलेला, साहेब. मी स्वतः तो भाऊ आहे." आणि मी त्यांना तासगावचं, कराडच्या चहाचं आणि केतकीच्या आठ मेसेजचं सगळं सांगितलं. केतकीला विचारून सांगितलं, हे मुद्दाम नमूद करतो. ते विश्वस्त चष्मा पुसत म्हणाले, "माझी मुलगी नागपूरला असते." एवढंच. आम्हाला आणखी महिनाभराची मुदत मिळाली.

कबूल केल्याप्रमाणे आम्ही तासगावला परत गेलो. तीच बावीस मुलं. तेजलने ‘दादा’ निवडलं. तिने बटण दाबलं तेव्हा माझ्या पडद्यावर आकडा आधी दिसला आणि मग मी मान वर करून तिच्याकडे बघितलं. ती दोन्ही भाग शांतपणे खेळली. मग म्हणाली, "सर, दुसरा भाग आमच्या दादाला खेळायला देऊ का?"

शैलजाताईंनी तिला बाजूला घेतलं आणि बराच वेळ तिच्याशी बोलल्या. दादा कसा आहे, चिडतो का, मारतो का, घरी तुझ्या बाजूने कोण असतं. तिची आई बाजूने होती. ठरलं की आईच त्याला खेळ देईल. पुढे दोनेक महिन्यांनी लोंढेबाईंचा फोन आला होता, दुसऱ्या कामासाठी, त्यात त्यांनी सांगितलं. तेजलच्या दादाने खेळ खेळला. कोणाशी काही बोलला नाही. पण पाटीचा फोटो मागायचा थांबला, आणि तालुक्याच्या कबड्डीच्या सामन्याला तिला सोडायला न येता बघायला आला.

तेजलला मी पुन्हा भेटलो नाही. आता ती तेवीस-चोवीस वर्षांची असेल, केतकी तेव्हा होती तेवढी. तिचे आभार मी मनातल्या मनात किती वेळा मानले असतील! चौदा वर्षांच्या त्या मुलीने मान वर करून मला विचारलं नसतं, तर मी बटण आणखी मोठं करत बसलो असतो. शैलजाताईंचेही आभार, त्या गाडीत गप्प राहिल्या म्हणून. त्यांनी तेव्हाच मला समजावलं असतं तर मी वाद घातला असता.

केतकीने पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज केला आणि तिची निवड झाली. ती डेहराडूनला गेली. सुरुवातीला मी चुकायचो. एकदा सलग तीन मेसेज टाकले, तेव्हा तिचं नुसतं ‘दादा’ असं उत्तर आलं आणि मी थांबलो. ती डोंगरात गेली की पंधरा-पंधरा दिवस काही कळायचं नाही. भीती गेली असं मी म्हणणार नाही. ती मी माझ्याजवळ ठेवायला शिकलो, संध्याकाळी फिरायला जाऊ लागलो, शैलजाताईंनी सुचवलेल्या एका समुपदेशकांकडे वर्षभर गेलो.

तिचं काम दोन वर्षांनंतरही पुढे वाढलं. तिकडे गेल्यावर तिसऱ्या वर्षीची गोष्ट. सप्टेंबरातला मंगळवार, सकाळचे अकरा. मी ऑफिसात होतो. केतकीचा फोन आला.

"दादा, मी बरी आहे. आधी ते ऐक. पाय मोडलाय, दोन ठिकाणी. डेहराडूनला आणलंय, उद्या ऑपरेशन आहे." तिचा श्वास लागत होता. "आईला मी संध्याकाळी सांगेन. तिला आत्ता नको. पण तू येशील का?"

"येतो," मी म्हणालो.

दुपारच्या विमानाने दिल्ली गाठली, तिथून गाडी केली. वाटेत माझ्या डोक्यात शंभर प्रश्न होते. कुठे पडली, कोणाबरोबर होती, दोर बांधला होता का, एकटी कशाला गेली. मी दवाखान्यात पोचलो तेव्हा ती उशीला टेकून बसली होती. चेहरा उन्हाने रापलेला, ओठ फुटलेले, पाय बांधून उंच ठेवलेला. मला बघून तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मी तिच्या कपाळावर हात ठेवला आणि विचारलं, "दुखतंय का फार?"

"हो. आणि ऑपरेशनची भीती वाटतेय."

"मलाही वाटतेय," मी म्हणालो.

ती हसली. मी पाण्याचा पेला दिला, उशी सारखी केली आणि काही न विचारता बसून राहिलो. पाच मिनिटं गेली असतील, दहा गेली असतील. परिचारिका आली, सलाईन बघून गेली.

"दादा, ऐक ना," केतकी म्हणाली. "कसं झालं ते तुला पहिल्यापासून सांगते. खूप मोठं आहे हां, कंटाळशील."

मी खुर्ची तिच्या जवळ ओढली.